अकरा ते एकची परवानगी

"वो लडकी? वो तो भैंस को भी 'एक्सक्यूज मी' बोलके रस्ता मांगती!"

ओट्यावरच्या सगळ्या बायका खळखळून हसल्या. मी जिन्याच्या दारामागे हातात शेजारच्या मावशींची वाटी घेऊन उभी होते. वाटीत आईने दिलेलं लिंबाचं लोणचं होतं, आणि बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. आमच्या गल्लीत इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली आणि म्हशीला बाजूला करू न शकणारी मी एकटीच.

म्हशीचं बोलल्या त्या समोरच्या खाला. त्या घरी शिलाईचं काम करतात आणि त्यांची जीभ मशीनच्या बरोबरीने चालते. "पर लिखने को तो उसीच को आता," त्या पुढे म्हणाल्या. "अर्जी लिखने को बोलो. बोलने को नक्को बोलो."

"लिहील की," मावशी म्हणाल्या. "गुणी हाय पोरगी. फक्त आवाज घरी ठिवून येती."

यावर परत हशा. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले, मग आत्ताच आल्यासारखं करून ओट्यावर गेले आणि वाटी पुढे केली. अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

अर्ज होता हंडा मोर्चाचा. आमची गल्ली जालना रोडपासून आत, चिकलठाण्याच्या अलीकडे आहे. पाणी रोज येत नाही, हे या शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इतक्या दिवसांनी येणार एवढा अंदाज असतो, पण तो दिवस कधी एकाने पुढे सरकतो, कधी दोनाने, आणि वेळ तर फक्त पाणी सोडणाऱ्या लाइनमनला ठाऊक. म्हणून आमच्याकडे नळाची तोटी उघडी ठेवून खाली स्टीलचं ताट उपडं घालतात. ताट वाजलं की पाणी आलं. मी परीक्षेचा अभ्यास त्या ताटाच्या धाकात केला आहे. अजूनही कुठे लग्नात वाढप्याच्या हातून ताट पडलं की माझे पाय आपोआप उठतात.

पण मोर्चा ताटासाठी नव्हता. मावशींसाठी होता, असं म्हटलं तरी चालेल. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. नात्याने नाही, भिंतीने. त्या चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जातात. मुलगी लग्न होऊन जालन्याला गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. पाणी आज येईल म्हणून त्या खाडा करायच्या, आणि ते उद्या यायचं. मग उद्याही खाडा. शेवटी सुपरवायझरने सांगितलं, आता एक जरी खाडा पडला तरी गेटपास टेबलावर ठेवून जायचं.

"मला जास्ती पानी नको," मावशी म्हणायच्या. "हाय तेवढंच द्या. फक्त आदल्या दिवशी सांगा, उद्या किती वाजता. मग मी शिफ्ट बदलून घेईन."

मागणी एवढीच. एका ओळीची. ती लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. मराठी हा विषय होता, पण त्यात अर्जाचे नमुने दोनच: रजेचा आणि सहलीच्या परवानगीचा. मी सहलीचा घेतला. 'सहल' काढून 'मोर्चा' घातला, 'माननीय मुख्याध्यापक' काढून 'माननीय पोलीस निरीक्षक' घातलं. बाकी रचना छान बसली. अक्षरही चांगलं आलं.

पोलीस ठाण्यात मावशींसोबत मी गेले. मावशींची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. टेबलामागे एक अधिकारी बसले होते, चहा बशीत ओतून पीत. त्यांनी अर्ज वाचायला घेतला, आणि शेवटाला आल्यावर बशी खाली ठेवली.

"'आपली आज्ञाधारक'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कोणी लिहिलंय हे?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हरवलेल्या मोटारसायकलींच्या यादीकडे पाहिलं.

"आंदोलन पण करायचंय आणि आज्ञाधारक पण राहायचंय? झकास. असे दहा मिळाले ना, तर माझी बदली झाली तरी मी जायचा नाही."

"साहेब, हसायचं ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "शांततेनं आन् बिनाहत्यार जमायचा हक्क हाय आमाला. संविधानात लिवलंय."

मला एकदम शाळेचा वर्ग आठवला. हेच वाक्य मी इंग्रजीत पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं, आणि त्याच्याखाली वाजवी निर्बंधांचे मुद्देही लिहिले होते. पेपर देऊन आले आणि विसरले. मावशींचे वडील मात्र विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी या शहरात चालत आले होते, लाठी खाऊन चालतच परत गेले होते, आणि त्यांनी कधी दगड उचलला नव्हता, हे मावशी कुणालाही, भाजीवाल्यालासुद्धा, सांगतात. त्यांच्या तोंडी ते वाक्य पाठ केलेलं वाटत नाही.

"हक्क आहेच मावशी, कोण नाही म्हणतंय?" अधिकारी म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा बदलला होता. "पण सध्या शहरात मनाई आदेश आहे. पाच किंवा जास्त माणसं विनापरवानगी जमली की तो जमाव. म्हणून हा कागद. आणि हक्क रस्त्याने जाणाऱ्यालाही असतो. तुम्ही रस्त्यात बसलात, मागे ॲम्ब्युलन्स अडकली, तर आतल्या माणसाचा हक्क कुठे ठेवायचा?"

मावशींनी मान डोलावली. "ते बरूबर हाय," त्या म्हणाल्या. "रस्त्यात नाय बसनार आमी."

मग अटी सुरू झाल्या. पाणीपुरवठा कार्यालयाच्या फाटकाच्या डावीकडे, कडुनिंबाखाली, दोरी बांधू तेवढ्या जागेत. वेळ अकरा ते एक. पन्नासच्या वर बायका नकोत. भोंगा नको, पुतळा जाळणं नको.

"मडकी फोडणार का?"

"मडकी न फोडता हंडा मोर्चा असतो व्हय?" मावशींना खरंच आश्चर्य वाटलं. "वरच्या मजल्यावर ऐकू कसं जानार?"

"खापऱ्या कुणाच्या पायात गेल्या तर गुन्हा अर्जदारावर. अर्जदार कोण?"

मावशी "मी" म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी अर्ज उलटा करून आमच्यासमोर धरला. 'आपली आज्ञाधारक'च्या खाली, सवयीने, मी माझंच नाव लिहिलं होतं. शाळेच्या अर्जावर दुसऱ्या कुणाचं नाव कसं लिहिणार?

"बदलायचं असेल तर सोमवारी परत या, नवा अर्ज घेऊन," ते म्हणाले.

सोमवारी मावशींची कामावरची पाळी होती. म्हणजे खाडा. मी टेबलावरचं पेन उचललं आणि त्यांनी दाखवलेल्या जागी सही केली. बोलण्यापेक्षा सही करणं सोपं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

घरी बाबा म्हणाले, "पोलीस ठाण्यात नाव देऊन आलीस? तू?" त्यांच्या आवाजात काळजी किती आणि कौतुक किती ते कळेना. आई म्हणाली, "निदान अक्षर तरी चांगलं आहे."

मडकी फोडायची नाहीत ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा मोठीच निराशा झाली.

"तो फिर घडे लेको जाके क्या करना?" खालांनी विचारलं. "लोरी सुनाना?"

शेवटी मावशींनी तोडगा काढला. मडकी नकोतच. घरचेच हंडे न्यायचे, रिकामे, आणि फाटकासमोर ओळीत मांडायचे. वाजवायचे, पण फोडायचे नाहीत. परवानगीत वाजवण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री केली. प्रत्येकीने आपला हंडा ओळखू यावा म्हणून बुडाला नेलपॉलिशने खूण केली. आमच्या हंड्यांवर आईने जांभळी फुली काढली. खालांनी चंद्रकोर काढली, ती केळ्यासारखी दिसत होती, आणि तसं म्हणणाऱ्याला त्यांनी चहा दिला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी दहा वाजता गल्लीतले सगळे हंडे, कळश्या, दोन घागरी आणि एक पितळी तपेलं एका लोडिंग रिक्षात चढवले. मावशी, खाला आणि मी हंड्यांबरोबर पुढे निघालो. बाकीच्यांनी घरचं आवरून अकराच्या सुमारास शेअर रिक्षांनी यायचं होतं. मावशींच्या गळ्यात कंपनीचा गेटपास लटकत होता. त्यांनी दुसरी पाळी मागून घेतली होती. एक वाजता इथून उठलं की सरळ चिकलठाण्याला. अकरा ते एकची वेळ त्यांनी पोलिसांशी घासाघीस करून त्यासाठीच घेतली होती.

कडुनिंबाखाली दोरी बांधलेली होती. एक महिला कॉन्स्टेबल खुर्चीवर बसून मोबाइल बघत होत्या, आणि तेच अधिकारी उभे होते. आम्ही हंडे उतरवले. रिक्षावाला दुसऱ्या भाड्याला गेला. एक वाजता येतो म्हणाला. आम्ही हंड्यांच्या पाच ओळी लावल्या. माझ्यासारख्या माणसाला ते फार बरं वाटलं. ओळी लावताना बोलावं लागत नाही.

अकरा वाजले. कुणी आलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. गल्लीच्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक: "पाणी सुटलं!!", "पाणीपाणीपाणी", "रिक्षा सोडा घरी या". मग एक व्हॉइस मेसेज, त्यात कुणीतरी नुसतंच "अगं बाई अगं बाई" म्हणत होतं आणि मागे ताटं वाजत होती. गल्लीतली सगळी ताटं एकदम.

मग आईचा फोन आला.

"अगं, मी कुकरात भरतेय पाणी! कुकरात! हंडे कुठे आहेत आपले?"

"माझ्यासमोर आहेत, आई. दुसऱ्या ओळीत."

"मग पाठव की लवकर! तासभरच असतं ते!"

मी फोन खाली घेतला. समोर आमच्या गल्लीतलं एकूण एक भांडं, ज्यात पाणी भरता येतं, पालथं मांडून ठेवलेलं होतं. पाण्यासाठी. मला हसू यायला लागलं आणि ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. खालांनी मात्र कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मेरी बहू अकेली है. डेगची में भर रही होगी, बिर्याणी की डेगची में!"

"तुमच्या नळाचं काय, मावशी?" मी हळूच विचारलं.

"घराला कुलूप हाय, तोटी बंद हाय." त्या हंड्यांकडे बघत होत्या. "वाहून तरी जानार नाय." म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत त्यांचा ड्रम रिकामाच. त्या एवढंच म्हणाल्या आणि गेटपासची दोरी सरळ केली.

अधिकारी जवळ आले. त्यांनी आम्हाला मोजलं. मोजायला काही नव्हतं.

"तीन," ते म्हणाले. "तिघींचा जमावच होत नाही. एवढ्यासाठी परवानगीसुद्धा लागली नसती तुम्हाला."

महिला कॉन्स्टेबल खुर्ची सोडून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आज तुमच्याकडं सुटलंय म्हणजे आमच्या क्वार्टरकडं उद्या का हो? काही कळतं का तुमच्या ग्रुपवर?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी उसासा सोडला आणि परत जाऊन खुर्चीवर बसल्या.

तेवढ्यात कार्यालयातून एक इंजिनिअर बाहेर आले. साधे, घामेजलेले गृहस्थ. हातात एक कागद आणि त्यावर क्लिप लावलेलं पेन. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं.

"काय हो, मिळालं ना पाणी? आजच सोडायला सांगितलं मी, मुद्दाम. आता काय राहिलं?"

मुद्दाम. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांना वाटत होतं, त्यांनी आमच्यावर उपकार केले.

"उद्या कधी सुटनार तेवढं आदल्या दिवशी सांगा, एवढंच होतं आमचं," मावशी म्हणाल्या.

"कसं सांगणार, मावशी? तिकडे लाइट जाते, इकडे पाइप फुटतो. मी लिहून दिलं आणि चुकलं तर तुम्ही माझ्याच नावाने मडकी फोडाल." ते खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. "हे बघा, एवढं सही करून द्या. मग मिटलं. अर्जदार कोण?"

तिघांचीही बोटं माझ्याकडे वळली: अधिकाऱ्यांचं, खालांचं आणि मावशींचं.

कागदावर दोन ओळी होत्या. मी मराठी हळू वाचते. ओठ हलतात माझे, शाळेपासूनची खोड आहे. 'आज पाणी सोडण्यात आल्याने आमची मागणी पूर्ण झाली असून आम्ही आंदोलन मागे घेत आहोत.' खाली तारीख. त्याखाली अर्जदाराची सही. माझं नाव आधीच टाइप केलेलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

"करून टाका," अधिकारी म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "आमची गाडी उभीच आहे. हंडे दहा मिनिटांत गल्लीत पोचवतो. पाणी अजून चालू असेल. काय आज्ञाधारक, ठीक?"

ते चांगुलपणानेच म्हणत होते. म्हणूनच तर अवघड होतं.

"कर दे बेटा दस्तखत," खाला म्हणाल्या. "डेगची कित्ती भरेगी?"

भाजीवाल्यालाही वडिलांची गोष्ट सांगणाऱ्या मावशी आता नुसत्या गेटपासच्या प्लॅस्टिकच्या कडेला नख घासत होत्या. तेव्हा मला समजलं, की अर्जावर त्यांचं नाव असतं तर त्या बोलल्या असत्या, आणि नाव माझं होतं म्हणून त्या मला जबरदस्ती करणार नव्हत्या. माझी सही झाली की मागणी पूर्ण झाली असं लेखी होणार. मग पुढच्या वेळी पाणी परत न सांगता येणार, त्या परत खाडा करून वाट बघणार, आणि दुसऱ्या दिवशी तो गेटपास टेबलावर.

पेन माझ्या हातात होतं. त्याचं टोपणही काढलेलं होतं.

पुढे काय झालं ते सांगायचं तर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता एक काळा फळा आहे. लाइनमन आदल्या संध्याकाळी त्यावर खडूने वेळ लिहितो. कधी चुकते, तेव्हा खाला त्याला अशी हाक मारतात की फळासुद्धा हलतो. मावशी अजून पॅकिंगलाच आहेत. पण तो फळा यायला बरेच आठवडे गेले, आणखी तीन अर्ज गेले, आणि ते मावशींच्या नावाने गेले. मी फक्त अक्षर पुरवलं. त्या दिवशी कडुनिंबाखाली यातलं काहीच दिसत नव्हतं. दिसत होते ते पालथे हंडे, आणि बारा वाजायला वीस मिनिटं कमी आहेत हे दाखवणारं कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ.

मी पेनाला टोपण लावलं. टक्क असा आवाज झाला आणि तो मला फारच मोठा वाटला. माझ्या खिशात परवानगीचा कागद होता, चार घड्या केलेला. तो उघडला आणि त्यातल्या वेळेवर बोट ठेवलं, कारण बोट ठेवलं की वाचायला सोपं जातं. माझा आवाज आला तेव्हा तो मला ओळखू आला नाही. पहिला शब्द तर फाटलाच. कॉन्स्टेबलनी मोबाइलवरून मान वर केली.

"सर, हंडे घेऊन जा, प्लीज, ते घरी लागतायत. पण आम्ही पाणी मागितलंच नव्हतं, वेळ मागितली होती. आणि आमची परवानगी एक वाजेपर्यंत आहे. एक वाजेपर्यंत आम्ही बसणार."